हाड पोटात ठेवलंय

तीर्थरूप आई-बाबांस,
साष्टांग नमस्कार.

फोनवर बाबा "बरा आहे ना?" एवढंच विचारतात आणि मी "हो" म्हणून मोकळी होते. म्हणून पत्र लिहितेय. बाबा, आईला वाचून दाखवताना मधलं काही गाळू नका.

"डोक्यात रक्त साकळलं होतं, छोटं ऑपरेशन झालं," असं मी सांगितलं होतं. ते छोटं नव्हतं. छोटूच्या कवटीचं उजव्या बाजूचं हाड काढलंय, तळहाताहून मोठा तुकडा. तो अजून बसवलेला नाही. बाबांच्या गुडघ्यांचं निमित्त करून तुम्हाला इकडे येऊ दिलं नाही, ते तुम्ही त्याला तसं बघू नये म्हणून.

मेंदूला जबर मार बसला की तो सुजतो. पाय सुजला तर चपलेचा पट्टा सैल करता येतो, कवटीचं तसं नाही. आत दाब वाढत जातो आणि मग मेंदूला रक्तच पोचत नाही. आयसीयूत त्याच्या डोक्यात बारीक तार घातली होती, दाबाचा आकडा मॉनिटरवर दिसायचा. आपला असतो १५ च्या आत. २२ च्या वर गेला की डॉक्टर धावतात. त्याचा २८ वर जाऊन बसला होता. डोकं ३० अंश उचलून झालं, व्हेंटिलेटर, झोपेची औषधं, मॅनिटॉलचं सलाईन, सगळं झालं. आकडा हलेना. मी रात्रभर त्या आकड्याकडेच बघत होते, त्याच्या तोंडाकडे बघवत नव्हतं.

पहाटे डॉक्टर म्हणाले, हाड काढून सुजेला जागा करून देऊ. जीव वाचायची शक्यता वाढेल, पण पहिल्यासारखा होईलच असं नाही. या ऑपरेशनचा एक मोठा अभ्यास २०१६ साली छापून आलाय, तो मी नंतर वाचला. अशाच ४०८ रुग्णांचा. सहा महिन्यांत, नुसत्या औषधांवर ठेवलेल्यांतले शंभरात ४९ दगावले, हाड काढलेल्यांतले २७. पण डोळे उघडे आणि भान नाही, अशा अवस्थेत राहिलेले हाड काढलेल्यांतच जास्त होते, शंभरात आठ-नऊ. औषधवाल्यांत दोन. हे आधी वाचलं असतं तर हात थरथरला असता, पण सही केलीच असती. तुम्हाला न विचारता केली, ही चूक माझी.

आता आईसाठी. आई, आमची टाळू भरायचीस तेव्हा बोटाखाली नाडी उडायची ना, तस्सं त्याच्या उजव्या कानाच्या वर दिसेल. बसला की तिथे खळगा पडतो, आडवा झाला की भरून येतो. घाबरू नकोस. आणि तेल घेऊन बसू नकोस! तिथे चोळायचं नाही, दाबायचं नाही, त्या कुशीवर झोपू द्यायचं नाही. दवाखान्यात पट्टीवर जाड पेनने "हाड नाही" असं लिहिलेलं असायचं, आपल्याकडे तू लक्ष ठेव.

पोटावर टाके दिसतील. पोटाला काही झालेलं नाही, हाड तिथेच कातडीखाली सांभाळून ठेवलंय. सगळं ठीक राहिलं तर तीन-एक महिन्यांनी पुन्हा डोक्यावर बसवतील. तोवर उठला की हेल्मेट घालायचं. हो, हेल्मेटच. त्या रात्री जे कोपराला अडकवून चालवत होता ते नव्हे, मऊ स्पंजचं वेगळं मिळतं.

डावा हात अजून साथ देत नाही. नावं विसरतो. चिडतो, परवा माझ्यावर ताट भिरकावलं आणि मग स्वतःच रडला. बाबा, उलट बोलला तर त्या वेळी उत्तर देऊ नका. तो मेंदूचा मार बोलतोय. फिटची गोळी एक वेळही चुकवायची नाही. उलट्या झाल्या, गुंगी वाढली किंवा ती जागा फुगून टणक लागली, तर माझ्या फोनची वाट न बघता गाडी काढायची.

रविवारी दुपारपर्यंत पोचतो. खाट माजघरात घ्या, ओटीवर येणारे-जाणारे फार. मोठ्या काकूंना म्हणावं चार दिवस थांबा, मग या. त्याला बटाट्याची भाजी खायचीय, एवढं मात्र तो विसरलेला नाही.

तुमची,
ताई