पेन्सिलीची दोन वर्तुळे

आदरणीय सर,

सादर नमस्कार.

आपले नाव कुठेही छापायचे नाही, अशी ताकीद आपण फोनवर दिली होती. ती पाळून हे पत्र उघडपणे लिहीत आहे, कारण आपण जे केले ते केवळ माझ्यापाशी राहावे असे मला वाटत नाही. गेल्या आठवड्यात प्रबंधाची शेवटची प्रत बांधायला देताना जुनी प्रयोगवही चाळत होते. तिच्या एका पानावर चिकटवलेला आपला कागद पुन्हा हाती आला आणि मन भरून आले.

2019 च्या ऑगस्टमधला महापूर सांगलीकर विसरणार नाहीत. आयर्विन पुलाजवळ कृष्णेचे पाणी 57 फुटांच्या वर गेले होते. आमच्या महाविद्यालयाच्या प्रयोगशाळेत पाणी शिरले नाही, पण वीज कित्येक दिवस नव्हती आणि उणे वीस अंशांच्या फ्रीजरमधले सगळे वितळले. ज्यांची घरे आणि गोठे वाहून गेले त्यांच्यापुढे हे नुकसान सांगण्यासारखेही नव्हते, म्हणून मी कोणाकडे फारसे बोलले नाही. मात्र राजापुरी हळदीच्या गड्ड्यांतून कुरकुमिन (हळदीतले पिवळे द्रव्य) बनवणाऱ्या एन्झाइमचे जनुक वेगळे करण्याचा माझा खटाटोप त्या वितळलेल्या ट्यूबांमध्येच होता. हळदीच्या गड्ड्यातून आरएनए, म्हणजे जनुकाची उतरलेली नक्कल, काढणे किती जिकिरीचे असते हे आपल्याला सांगायला नको. पिष्टमय आणि फिनॉलयुक्त द्रव्यांमुळे हाती चिकट, पिवळसर गोळा येतो. त्यातून चांगला नमुना मिळवण्यात माझे आधीचे वर्ष गेले होते.

पुरानंतर मी तीन मोठ्या प्रयोगशाळांना प्लाझ्मिडसाठी, म्हणजे जनुक जिवाणूत वाहून नेणाऱ्या डीएनएच्या लहान कड्यासाठी, लिहिले. दोघांनी उत्तरच दिले नाही. तिसरीकडून आलेल्या उत्तरात असे होते की 1973 मध्ये कोहेन आणि बॉयर यांनी जनुक कापून, जोडून जिवाणूत घालून दाखवले, त्यात आता नवे काय आहे, लहान गावात बसून असे क्लोनिंग करण्यापेक्षा कंपनीकडून जनुक तयार करून घ्यावे. कंपनीला द्यायचे पैसे आमच्याकडे असते तर मी पत्र लिहिलेच नसते. शिवाय मला विद्यार्थ्यांना हे काम हाताने करून दाखवायचे होते. जपानी संशोधकांनी 2009 मध्ये हळदीतील ही एन्झाइम ओळखली, त्याच हळदीच्या बाजारपेठेत वाढलेल्या मुलांनी ते जनुक स्वतः कापून, जोडून, जिवाणूत घालून पाहावे, यात हसण्यासारखे काय आहे, हे मला आजही कळलेले नाही. कसेबसे उसने मिळवलेले प्लाझ्मिड वापरून केलेले प्रयोगही फसत गेले, तेव्हा आमच्याच एका वरिष्ठांनी विद्यार्थ्यांसमोर माझ्या हाताला गुण नसल्याचे सांगितले. ते शब्द मी मनातून काढू शकलेले नाही.

आपला पत्ता मला एका जुन्या शोधनिबंधाच्या तळाशी सापडला. ओळखदेख काहीच नव्हती. पत्र टाकल्यावर पाचव्या दिवशी आपला फोन आला. मी कोण, कोणाची विद्यार्थिनी, हे आपण विचारले नाही. जिवाणू वाढवलेल्या प्लेटवर काय दिसते, एवढेच विचारले. निळ्या कॉलनी येतात, पांढरी एकही येत नाही, असे मी सांगितले. प्लाझ्मिडमध्ये जनुक जोडले गेले की कॉलनी पांढरी येते, नाहीतर निळी. आपण क्षणभर थांबलात आणि म्हणालात, "लायगेजच्या बफरची ट्यूब उघडून वास घ्या." लायगेज म्हणजे डीएनएचे तुकडे जोडणारे एन्झाइम आणि बफर म्हणजे त्याचे द्रावण. वास जवळजवळ नव्हताच. मग आपण समजावून सांगितलेत की त्या बफरमध्ये जोडणीला ऊर्जा पुरवणारे एटीपी असते, ट्यूब पुन्हा पुन्हा वितळवली आणि गोठवली की ते नासते. त्यातले उग्र गंधकी वासाचे डीटीटी हे रसायनही कालांतराने निकामी होते, त्यामुळे वास गेला की बफर जुने झाले असे समजावे. मी रोज तीच एक ट्यूब काढत होते. लायगेज नवे होते, पण त्याला जोडणीची ताकद पुरवणारे बफरच मेले होते. कापले न गेलेले प्लाझ्मिड तेवढे जिवाणूत शिरत होते आणि निळ्या कॉलनी देत होते. दोष माझ्या हाताचा नव्हता, हे मला पहिल्यांदा आपल्या तोंडून कळले.

त्यानंतर टपालाने साधे पाकीट आले. ना बर्फ, ना थर्माकोलचा डबा. आत गाळणकागदाचा तुकडा होता आणि त्यावर पेन्सिलीने काढलेली दोन वर्तुळे. शाई पाण्यात उतरते म्हणून पेन्सिल, हे मी ओळखले. प्रत्येक वर्तुळात पीयूसी-19 प्लाझ्मिडचा थेंब टाकून वाळवलेला होता. माझे आजोबा सांगलीजवळच्या हरिपूरला जमिनीखालच्या पेवांत हळद ठेवायचे आणि पेवात ओल शिरू नये म्हणून जिवाचे रान करायचे. वाळलेला डीएनए फ्रीजरशिवाय, विजेशिवाय, टपालाच्या थैलीतून सुखरूप येतो हे पाहताना मला ती पेवे आठवली.

पहिल्या वर्तुळाखाली प्लाझ्मिडचे नाव आणि 2,686 हा त्याच्या बेसजोड्यांचा, म्हणजे डीएनएच्या लांबीचा, आकडा होता. दुसऱ्याखाली आपण आपल्या बारीक अक्षरात लिहिले होते: "पहिले वाया गेले तर. कळवायची गरज नाही."

सर, या एका ओळीसाठी मी हे सगळे पत्र लिहीत आहे. एक थेंब जास्त टाकायला आपल्याला काहीच लागले नसेल. पण तोवर मला भेटलेल्या प्रत्येकाने माझ्या चुकीचा हिशेब मागितला होता आणि आपण ती चूक होण्याआधीच तिची सोय करून ठेवली होती, तीही मला पुन्हा हात पसरावा लागू नये अशा रीतीने. पहिले वर्तुळ कात्रीने कापताना माझा हात थरथरला नाही, तो दुसरे वर्तुळ शेजारी होते म्हणून. ज्ञान पुष्कळांकडे असते. मागणाऱ्याला लाजवल्याशिवाय ते देणारी माणसे मी फार थोडी पाहिली आहेत, आणि आपले संशोधन त्यांच्यामुळेच तग धरून आहे असे मला मनापासून वाटते. अनोळखी पत्राला उत्तर देणे हे कोणत्याही संस्थेच्या नियमात बसवता येत नाही. ते माणसाच्या मुळात असावे लागते.

पुढचे आपल्याला ठाऊक आहे. नवे बफर लहान लहान ट्यूबांत वाटून ठेवले. त्या दिवशी बर्फाच्या कारखान्यातून गोणपाटात बर्फ आणला, प्लाझ्मिड आत शिरावे म्हणून जिवाणूंना बेचाळीस अंशांवर पंचेचाळीस सेकंद ठेवले, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी निळ्यांच्या गर्दीत अकरा पांढऱ्या कॉलनी होत्या. प्लेट उजेडाकडे धरून माझ्या विद्यार्थिनींनी त्या तीनदा मोजल्या. डीएनएचे तुकडे लांबीनुसार वेगळे करणाऱ्या जेलवर आमच्या जनुकाचा सुमारे बाराशे बेसजोड्यांचा पट्टा दिसला तेव्हा त्यांतली एक रडली आणि मग मलाही आवरले नाही.

दुसरे वर्तुळ मी कापले नाही. ते वहीत तसेच आहे आणि आपली परवानगी असेल तर तिथेच राहील. या पत्रासोबत आपल्या घरच्या पत्त्यावर एक पाकीट टाकत आहे. राजापुरी हळदीच्या जनुकाचा क्लोन गाळणकागदावर वाळवून पाठवला आहे. वर्तुळे पेन्सिलीचीच आहेत, आणि दोन आहेत.

आपली कृतज्ञ,
सांगलीची एक विद्यार्थिनी