पैठणी नेसलेल्या लेकींचे रंग बदलू नका

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

लग्नसराई आली की आपल्या पुरवणीत पैठणी नेसलेल्या मुलींचे फोटो येऊ लागतात. वाचकांनीच हौसेने काढून पाठवलेले. मी पैठणला मागावर बसणारी बाई, त्यामुळे माझी नजर आधी काठ-पदरावर जाते आणि मग चेहऱ्यावर. बहुतेक फोटोंत काठाची सोनेरी जर पांढरीफट्ट पडलेली असते आणि सावळ्या मुलीचा चेहरा फिल्टर लावून गोरा केलेला असतो. दोन्ही पाहून जीव तुटतो.

भर दुपारी नागघाटाच्या पायऱ्यांवर मुलीला उभं केलं की ऊन थेट डोक्यावर येतं. डोळ्यांखाली काळी सावली पडते आणि जर चमकते. सावली घालवायला उजेड वाढवला की फोटोत जर पार जळून जाते, नुसती पांढरी दिसते. जळालेल्या जागी मोर विणला होता की मुनिया, म्हणजे पोपट, हे नंतर काही केल्या परत येत नाही. थोडा अंधारा आलेला फोटो मात्र उजळता येतो. म्हणून मोबाइलवर चेहऱ्याला बोट टेकवा, सूर्याचं चिन्ह येईल ते हळूहळू खाली ओढा आणि पदरावरच्या मोराचा पिसारा नीट दिसू लागला की थांबा.

कॅमेरा समोरचं सगळं मध्यम उजेडाचं धरून चालतो. बीबी का मकबऱ्यापुढे मुलगी उभी केली की मागच्या पांढऱ्या भिंतींमुळे तो उजेड कमी करतो आणि चेहरा काळवंडतो. देवगिरीच्या काळ्या दगडापुढे नेमकं उलटं, तिथे चेहरा उडून जातो. यात मुलीच्या रंगाचा काही संबंध नाही. मकबऱ्यावर उजेड थोडा वाढवायचा, किल्ल्यावर थोडा उतरवायचा, एवढंच काम असतं. ते न करता तिचा रंगच बदलायचा, हे मला अजिबात पटत नाही. आपला फोटो छापून आला म्हणून ती पोरगी पेपर उघडते आणि त्यात तिला दुसरीच कोणीतरी दिसते.

धूपछाव पैठणीचं तर सांगायलाच हवं. उभे धागे एका रंगाचे, आडवे दुसऱ्या. निरी हलली, पदर वळला की रंग पालटतो. हा रंग साधावा म्हणून आम्ही धाग्यांची जोडी कितीदा लावून बघतो! समोरून फ्लॅश मारला की ती सगळी मेहनत एका सपाट रंगात बुडते. जुन्या वाड्याची ओसरी यासाठी फार चांगली. मुलीला सावलीत, पण अगदी कडेला उभी करा, तोंड अंगणाकडे थोडं तिरकं. उजेड एका बाजूने येतो, डोळ्यांत चमक येते, निऱ्यांच्या घडीघडीत दोन्ही रंग दिसतात. दुसरी बाजू फार काळी वाटली तर तिकडून पांढरा थर्माकोल धरा.

उभं राहणंही महत्त्वाचं. छातीशी हात बांधून, दोन्ही पायांवर ताठ उभं राहिलं की नऊवार असो की सहावार, साडी ठोकळा दिसते. वजन मागच्या पायावर, पुढचा गुडघा किंचित सैल, खांदे थोडे वळलेले आणि हनुवटी जराशी पुढे. पदर हातावर पसरून घ्या, मुठीत चुरगाळू नका. पूर्ण साडीचा फोटो असेल तर मोबाइल कमरेच्या उंचीवर धरा. डोक्याच्या उंचीवरून काढला तर पाय आखूड दिसतात. फार जवळ जाऊ नका, नाक मोठं येतं. चार पावलं मागे सरून झूम थोडा वाढवा. आणि कृपा करून खालचा काठ कापू नका. पोर्ट्रेट मोडमध्ये पदराची किनार धूसर होते, तेव्हा तो बंद ठेवलेलाच बरा.

आपल्याला एक विनंती आहे. पुरवणीसाठी फोटो मागवता त्या सूचनेत एवढी एक ओळ घालावी, की चेहऱ्याचा रंग बदललेला फोटो स्वीकारला जाणार नाही. आणि फोटो निवडायला बसाल तेव्हा सावळ्या मुलींचे, त्यांच्या स्वतःच्या रंगातले फोटो मोठे छापावेत.

आपली,
एक विणकर वाचक, पैठण