मंडळाची गाडी बंद केलीत, तर रात्री दोन वाजता बोलवायचं कुणाला?

मा. संपादक,
स. न. वि. वि.

गावोगावच्या गणपती मंडळांच्या रुग्णवाहिकांवरचा कालचा लेख वाचला आणि सकाळी चहाआधी पत्र लिहायला बसले. या गाड्यांत डॉक्टर नसतो, यंत्रं नसतात, ड्रायव्हरला शिक्षण नसतं, तेव्हा त्या बंद करा, असं तुमच्या प्रतिनिधीने लिहिलंय. पहिल्या तीन गोष्टी मला मान्य आहेत. चौथी वाचून जीव जळला.

गेल्या आषाढातली गोष्ट. रात्री दीडच्या सुमारास माझ्या सासऱ्यांच्या छातीत कळ आली. अंगाला दरदरून घाम, बोलणं तुटक. बाहेर पाऊस कोसळत होता, लाइट संध्याकाळीच गेलेली. १०८ ला फोन केला तर कळलं, जवळची गाडी आधीच दुसरा पेशंट घेऊन गोव्याला गेलीय. त्यात कुणाचा दोष नव्हता. तोही पेशंटच होता. एका खासगी गाडीवाल्याला विचारलं, त्याने आधी पैशांचं बोला म्हणून सांगितलं. मग माझ्या दिराने मंडळाच्या ड्रायव्हरला उठवलं. पंधरा मिनिटांत गाडी वरच्या रस्त्यावर उभी. आमचं घर खाली, पाणंद चिखलाने भरलेली. आप्पांना आरामखुर्चीत बसवलं आणि चौघांनी खुर्ची उचलली. पुढचा डावा हात ड्रायव्हरचा होता. पायात चप्पलसुद्धा नव्हती त्याच्या.

गाडीत बसल्यावर त्याने आधी बॅटरीच्या उजेडात सिलिंडरचा काटा पाहिला. ‘बी’ टाइपचा भरलेला सिलिंडर म्हणजे साधारण दीड हजार लिटर ऑक्सिजन. मिनिटाला दहा लिटरने सोडला तर अडीच तास पुरतो. आमच्याकडून बांबोळीला, म्हणजे गोव्याच्या सरकारी मेडिकल कॉलेजच्या हॉस्पिटलात, दीड तास. हे गणित त्याने मला सांगितलं आणि म्हणाला, “ताई, भियाव नको. पोचतलव आपण.” बांदा, पत्रादेवी, म्हापसा, पर्वरी. मांडवीवरचा पूल ओलांडेपर्यंत मी फक्त आप्पांच्या नाकावरचा मास्क धरून होते. पहाटे आप्पांना आत घेतलं, तेव्हा हा माणूस बाहेर नळावर स्ट्रेचर धूत होता. डिझेलचे पैसे घेतले, वरचे परत केले. नऊ वाजता तो रिक्षा स्टँडवर धंद्याला उभा होता. आप्पा आज ओटीवर बसून तुमचाच पेपर वाचतात.

तुमच्या लेखात बांबोळीचा उल्लेखच नाही, याचं मला सगळ्यात जास्त वाईट वाटलं. सावंतवाडी, दोडामार्ग, कुडाळचा गंभीर पेशंट वर्षानुवर्षं गोव्यालाच जातो. २०१८ मध्ये तिथे बाहेरच्या रुग्णांना शुल्क लावलं, तेव्हा दोडामार्गात लोक रस्त्यावर उतरले होते, ते काय उगीच? आता आमच्याच जिल्ह्यात ओरोसला वैद्यकीय महाविद्यालय झालंय, तरी बांबोळीची वाट बंद झालेली नाही. आणि एक गाडी बांबोळीला गेली की जाऊन-येऊन, पेशंट आत घेईपर्यंत थांबून चार-पाच तास गेले. तेवढा वेळ मागच्या गावांनी काय करायचं? २६ जानेवारी २०१४ ला १०८ सुरू झाली, तेव्हा अख्ख्या राज्याला ९३७ गाड्या होत्या, त्यातल्या २३३ प्रगत सोयींच्या. २०११ च्या जनगणनेने महाराष्ट्र सव्वाअकरा कोटींचा. म्हणजे लाख-सव्वालाख माणसांमागे एक गाडी. १०८ ने माणसं वाचवली आहेत, हे मी नाकारत नाही. पण ती नव्हती तेव्हाही आमच्या मंडळाची गाडी होती.

ती कशी आली तेही सांगते. त्याआधी आजारी माणूस टेंपोत गादी टाकून नेत. तसंच नेताना वाडीतली एक बाळंतीण वाटेत गेली. त्या वर्षी मंडळाने गणपतीची रोषणाई रद्द केली. वर्गणी, दशावतारी नाटकाची तिकिटं आणि मुंबईच्या चाकरमान्यांनी पाठवलेले पैसे मिळून जुनी व्हॅन घेतली. आजही विमा, टायर, फिटनेस यांचा खर्च त्याच वर्गणीतून निघतो. किल्ली नाक्यावरच्या दुकानात खिळ्याला असते. शेजारी वही. कोण पेशंट, कुठे नेला, किती किलोमीटर, किती ऑक्सिजन गेला, सगळं त्यात लिहिलेलं. तुमच्या प्रतिनिधीने ती वही मागितली असती तर मिळाली असती.

रुग्णवाहिकांच्या राष्ट्रीय मानकात चार प्रकार सांगितलेत. त्यात नुसता पेशंट नेणारी गाडी हाही रीतसर प्रकार आहे. आमची तीच आहे आणि ती कधी दुसरं काही असल्याचं सांगत नाही. ड्रायव्हरला शिक्षण नाही ना, मग द्या. छाती कशी दाबायची, फुरसं चावलेल्याला कसं न्यायचं, वाटेत बाळंतपण झालं तर काय करायचं, हे जिल्हा रुग्णालयाने दोन-चार दिवस बोलावून शिकवावं. मी आमच्या दोन्ही ड्रायव्हरना विचारलंय. रिक्षा बंद ठेवून येतो म्हणाले. यावर लेख लिहा, मी कात्रण काढून ठेवीन.

आणि एक. आठवडा बाजाराच्या दिवशी सायरन ऐकूनही बाजूला न होणाऱ्या गाड्यांवर लिहा. वाट अडवली तर मोटार वाहन कायद्याच्या कलम १९४ ई खाली दहा हजारांचा दंड आहे. तो कुणाला झाल्याचं मी तरी पाहिलेलं नाही.

पूर्वी तुमच्या दुसऱ्या पानावर रुग्णवाहिका, रक्तपेढी, रात्रीची औषधदुकानं यांच्या नंबरांची चौकट असायची. आप्पांनी ती कापून देव्हाऱ्याशेजारी चिकटवलेली आहे. आता त्या जागी पुढाऱ्यांच्या वाढदिवसाचे फोटो येतात. ती चौकट परत सुरू करा आणि त्यात मंडळांच्या गाड्यांचेही नंबर द्या. आमचा मी उद्याच कळवते.

आपली,
एक वाचक, ता. सावंतवाडी