सर्वेला निघण्याआधी वाच

बाळा,

खाणीजवळच्या गावांमधल्या विकास कार्यक्रमांचा घरांवर काय परिणाम होतो त्याचा सर्वे तुला मिळाला, ऐकून फार बरं वाटलं. मी इतकी वर्षं बचत गटांचं काम केलंय म्हणून लिहितेय, जरा लांबेल.

आधी पैसा कुठून येतो ते बघ. आपल्याकडे २०१५ च्या कायदा दुरुस्तीने जिल्हा खनिज प्रतिष्ठानं आली, म्हणजे खाणीची झळ बसलेल्या गावांसाठी पैसा सांभाळणाऱ्या जिल्ह्याच्या संस्था, खाणवाल्यांना जुन्या लीजवर (खाणपट्ट्यावर) रॉयल्टीच्या, म्हणजे खनिजासाठी सरकारला द्यायच्या रकमेच्या, ३० टक्के आणि लिलावातल्या नव्या लीजवर १० टक्के इतकी रक्कम त्यात भरावी लागते. घानामध्ये अहाफोच्या सोन्याच्या खाणीबाबत २००८ ला करार झाला, विकलेल्या प्रत्येक औंसामागे एक डॉलर आणि निव्वळ नफ्याचा एक टक्का गावांच्या फाउंडेशनला. चांगलंच आहे, पण दोन्हीकडे पैसा खाणीच्या उत्पन्नाला बांधलेला, उत्पादन घटलं की तोही आटतो, मग दवाखान्याची बिल्डिंग उभी राहते आणि नर्सचा पगार द्यायला कोणी नसतं. पाण्याच्या फिल्टर प्लांटचं पण तेच होतं, उद्घाटन होतं, फोटो होतात, मग लाइट बिल कोणी भरायचं यावर अडतं आणि बायका परत हंडे घेऊन निघतात. जिथे नळ खरंच चालू राहतो तिथे मात्र पाणी भरणाऱ्या मुलीचे तास वाचतात, ती शाळेत वेळेवर पोचते, हे नक्की मोज.

फॉर्मवर "लाभार्थी कुटुंब" असा एकच रकाना असेल ना, मला तो अजिबात पटत नाही. खाणीसाठी घेतलेल्या जमिनीची भरपाई ज्याच्या नावावर जमीन त्याच्या खात्यात जाते, पण तीच जमीन कसणारं कूळ आणि तिथे राबणारा मजूर कागदावर कुठेच नसतो, त्यांचं काम मात्र गेलेलं असतं. घरातल्या बाईला किती रक्कम आली तेही कित्येकदा माहीत नसतं. त्यात बाहेरून कामगार आले की भाडी चढतात, ज्या घरात खाणीचा पगार नाही ते घर आधीपेक्षा जास्त ओढाताणीत जातं. आणि ट्रेनिंग म्हणजे सरसकट शिवणकाम, गावातल्या सगळ्याच बायका शिवायला शिकल्या तर गिऱ्हाईक कुठून आणायचं गं!

म्हणून दोन प्रश्न तुझ्याकडून जोड, पैसे कुठे खर्च करायचे हे घरात कोण ठरवतं, आणि आजारपणासाठी शेवटचं कर्ज कधी काढलं. बाईला एकटीला विचार, पुरुष समोर बसले की त्या गप्प होतात. फॉर्म फायनल व्हायच्या आधी मला पाठव, मी बघून देते.

तुझी आई