माटोळीखालचा वर्ग

वाळपई, सत्तरी, गोवा
रविवार, ३१ ऑगस्ट २०२५

प्रिय सुमन,

आमचा गणपती दीड दिवसाचा, तो गुरुवारीच पोचवला. आज वाड्यावरच्या पाच दिवसांच्या गणपतींचं विसर्जन आहे. शेजारी आरती चाललीय, घुमट वाद्याचा आवाज इथवर येतोय आणि घरात मी एकटीच आहे. चवथीची सुट्टी संपली की पुन्हा वेळ मिळायचा नाही, म्हणून आजच लिहायला बसले. पहिली आणि दुसरी एकाच खोलीत, सतरा मुलं, महिनाभर काय करतेस असं तू विचारलं होतंस. या ऑगस्टपुरतं सांगते. इतका भरलेला महिना नोकरीत मला आठवत नाही.

सुरुवात पावसापासून झाली. लोणच्याची एक सरळ काचेची बरणी शाळेच्या कट्ट्यावर उघड्यावर ठेवली. शाळा भरली की एका मुलाने जायचं, पाणी जिथवर चढलं असेल तेवढी कागदाची पट्टी कापायची, तारीख घालून भिंतीवर चिकटवायची आणि बरणी ओतून परत ठेवायची. एवढाच बेत होता. तिसऱ्या दिवशी दुसरीतला एक मुलगा म्हणाला, बरणी एवढीशी, तिच्यात पाऊस कमी पडतो, बादली ठेवूया. मला उत्तर ठाऊक होतं, पण दिलं नाही. बादली ठेवली. दुसऱ्या दिवशी बादलीत पाणी खरंच जास्त उंच चढलेलं! तो नाचायलाच लागला. आता काय सांगायचं या विचारात मी, तोवर पहिलीतल्या एका मुलीने बादलीत हात घालून चाचपलं आणि म्हणाली, "टीचर, ही सकयल अशीर, वयर रुंद." खाली अरुंद, वर रुंद. तोंड मोठं म्हणून पाऊस जास्त गोळा होतो आणि तळाला जागा कमी म्हणून तो वर चढतो. मग तिनेच घरून सरळ उभ्या बाजूंचा भाताचा टोप आणला. बरणीच्या कितीतरी पट रुंद. रात्रभर पाऊस झाला आणि सकाळी दोन्हींत पाणी अगदी सारख्या उंचीचं. सुमन, त्या मुलांचे चेहरे तू बघायला हवे होतेस. वेधशाळेचं पर्जन्यमापक सरळ नळकांड्यासारखं का असतं आणि पाऊस लिटरमध्ये न सांगता मिलिमीटरमध्ये का सांगतात, हे मला शिकवावंच लागलं नाही.

त्या पट्ट्यांनी आणखी एक गोष्ट करून घेतली. श्रावणात एखादा दिवस कोरडा जायचा, तेव्हा भिंतीवर जागा रिकामी राहायची. रविवारचीही जागा रिकामीच. एका मुलीला ते पटेना. रविवारी आपण मोजलं नाही, मंगळवारी पाऊसच नव्हता, मग दोन्ही सारखं कसं दिसतं? तिने मंगळवारच्या जागी मोठं शून्य काढलं आणि रविवारची जागा तशीच ठेवली. वर मला बजावलं की सोमवारच्या पट्टीत आयताराचाही पाऊस आहे. सहा वर्षांची मुलगी!

मग आली माटोळी. चंद्रपूरला सासरी गेल्यापासून तुला ती बघायला मिळाली नसेल. गणपतीच्या डोक्यावर टांगलेली लाकडी चौकट आणि तिला बांधलेली रानातली नि परसातली फळं, फुलं, भाज्या. कला आणि संस्कृती संचालनालय दरवर्षी माटोळीची स्पर्धा घेतं, तेव्हा लोक शेकडो वस्तू गोळा करतात. आम्ही वर्गात बांबूची छोटी चौकट टांगली. अट एकच, बाजारातून विकत आणायचं नाही. दहा-बारा दिवसांत तोरिंजन आलं, निरफणस, चिबूड, आंबाडे, करमलं, सुपारीचा घड, कांगलां, फागलां आलं. प्रत्येक वस्तूची वर्गवारी मुलांनीच केली. वेलीवरचं की झाडावरचं, लावलेलं की आपसूक उगवलेलं, खायचं की नाही. करट्यांचा, म्हणजे नारळाच्या करवंट्यांचा, तराजू केला आणि वजन सुपाऱ्यांनी मोजलं. चिबूड करटीत मावेना, तेव्हा दोन टोपल्या काठीला टांगून मोठा तराजू झाला.

एका मुलाची आजी कवंडळं घेऊन स्वतःच शाळेत आली, कारण ती लालभडक फळं कुणी तोंडात घालील ही तिला धास्ती. "हें देवाक, आमकां न्हय," असं तिने प्रत्येकाच्या डोळ्यांसमोर फळ धरून सांगितलं. वाघचवऱ्याच्या, म्हणजे कळलावीच्या, फुलाचंही तसंच, त्याचा कंद तर भयंकर विषारी. अर्धा तास ती बोलत होती, कुठलं झाड ओहोळाकाठी, कुठलं कातळावर, कुठलं आता दिसतच नाही. कधी शाळेत न गेलेली ती बाई माझ्या खुर्चीवर बसून शिकवत होती आणि मी मुलांत मांडी घालून ऐकत होते.

आता जे सांगायला हे पत्र लिहितेय ते. जूनमध्ये चित्राखाली नाव लिहा म्हटलं होतं. एका मुलीने काकडीच्या चित्राखाली स्वच्छ अक्षरांत 'तवशें' हा घरचा कोंकणी शब्द लिहिला. मी लाल पेनाने फुली मारली आणि शेजारी 'काकडी' लिहिलं. त्यानंतर ती पाटीवर काही लिहायच्या आधी माझ्याकडे बघायची. मला वाटायचं, हळू आहे. ऑगस्टमध्ये माटोळीखाली तीच मुलगी पाच-सहा रानफळांची नावं सांगून गेली, जी मलाही येत नव्हती. त्या रात्री मला झोप लागली नाही. पर्वरीला डी.एड. करताना घरच्या भाषेपासून सुरुवात करा हे आपण वहीत उतरवून घेतलं होतं, २०२० च्या शैक्षणिक धोरणातही निदान पाचवीपर्यंत शक्य तिथे घरच्या भाषेत शिकवा असं लिहिलंय, आणि मी फुली मारून बसले होते. दुसऱ्या दिवशी तिची वही मागून घेतली, सगळ्यांसमोर फुली खोडली आणि म्हटलं, तुझं बरोबर होतं, टीचर चुकली.

त्या दिवसापासून भिंतीवर एक तक्ता आहे. पहिल्या रकान्यात घरचा शब्द, दुसऱ्यात पुस्तकातला. तिसरा रकाना आमच्या दोन कन्नड भावंडांचा. तवशें, काकडी, सौतेकायी. नाल्ल, नारळ, तेंगिनकायी. 'तेंगिनकायी' माझ्या तोंडात नीट बसेना, तर धाकट्याने मला चारदा म्हणायला लावलं. कुणाचे काका घुमट घेऊन आले होते, त्यावर हेच शब्द वाजवले. ना-रळ दोन थाप, मा-टो-ळी तीन. शब्दाचे तुकडे कानाला कळू लागले तशी पहिलीतली चार मुलं जोडून वाचायला लागली. काना-मात्रा घोकून जुलैभर जे झालं नव्हतं, ते झालं.

मातीचे उंदीर केले, फुगड्या घातल्या, ते सविस्तर लिहीत नाही. पण आकड्यांचं सांगायलाच हवं, कारण त्यावर आपलं भांडण झालं होतं. २०१९ मध्ये बालभारतीच्या दुसरीच्या गणितात 'वीस तीन' असं वाचन आलं आणि केवढा गदारोळ उठला. तू गणित समितीच्या अध्यक्ष मंगला नारळीकरांच्या, म्हणजे 'वीस तीन'च्या बाजूने, मी 'तेवीस'च्या. या महिन्यात हिरांच्या दहा-दहाच्या जुड्या बांधल्या. दोन जुड्या आणि तीन सुट्या हातात घेऊन मुलं आपणहून म्हणाली, वीस आणि तीन. 'तेवीस' त्यानंतर सहज आलं. 'एकोणतीस' मात्र अजून अडतं, जुड्या दोन दिसतात आणि तोंडाने तीस म्हणायचं. तुझं म्हणणं मला आता पटलंय, हे कागदावर लिहून देते.

पाहणीला आलेल्या एकांनी माटोळीकडे बघितलं, छान म्हणाले आणि भरलेल्या वह्या मागितल्या. वह्या कमी भरल्या होत्या. मला वाईट वाटलं, पण वह्या भरण्यासाठी मी तो तक्ता उतरवणार नाही. भाऊसाहेब बांदोडकरांच्या काळात गावोगावी निघालेल्या शाळांपैकी ही एक. आज पट कमी म्हणून अशा किती शाळांना कुलूप लागतंय. आहेत ती सतरा मुलं आनंदाने यावीत, एवढ्यासाठी माझा जीव तुटतो.

एक काम कर गो. आमच्या तक्त्यात चौथा रकाना आखून ठेवलाय, वर 'सुमन टीचरचा गाव' असं लिहिलंय. आमच्या फागलांना, पुस्तकातल्या कर्टोलीला, तुझ्याकडची मुलं काय म्हणतात? नारळ तिथे कुणाच्या परसात नसेल, मग श्रावणात रानात काय मिळतं? तुझ्या मुलांनाच त्यांच्या अक्षरात लिहायला सांग आणि पत्र शाळेच्या पत्त्यावर, पहिली-दुसरीच्या नावाने धाड. या मुलांना पोस्टाने अजून कधी काही आलेलं नाही.

तुझी,
शालू