रात्री बारानंतरचं बिल नक्की कुठल्या दिवसाचं?

संपादक साहेब, सप्रेम नमस्कार,

हॉटेलं रात्री किती वाजेपर्यंत चालू ठेवायची यावर पुण्यात वाद कायमच चालू असतात, आवाज, पार्किंग, पोलिसांची गाडी वगैरे, पण बारानंतर जे बिल फाटतं त्याच्या तारखेचं काय यावर कोणी बोलत नाही. मी काही हॉटेलवाल्यांचे हिशेब बघतो आणि हा विषय माझ्या टेबलावर दर सोमवारी येऊन पडतो म्हणून हे पत्र.

होतं काय बघा. शनिवारी रात्री सव्वाअकराला टेबल लागलं, केओटी, म्हणजे किचनला जाणारी ऑर्डरची चिठ्ठी, शनिवारची. बोलत बोलत आइस्क्रीम मागवलं, बिल झालं बारा वाजून दहा मिनिटांनी, म्हणजे रविवारचं. दीड-दोनला शटर ओढून कॅशियर गल्ला मोजतो तर गल्ल्यात पैसे जास्त आणि सॉफ्टवेअरच्या शनिवारच्या रिपोर्टात विक्री कमी, कारण बारानंतरची सगळी बिलं रविवारात जाऊन बसलेली. सकाळी मालक घरी बसून मोबाईलवर आकडा बघतो आणि कॅप्टनला फोन करतो की काय रे शनिवार असून धंदा एवढाच? आणि रविवारी मात्र शटर उघडायच्या आधीच हजारोंची विक्री झालेली दिसते. त्यात कार्ड मशीन आपल्या वेळेला सेटलमेंट करतं, म्हणजे जमलेले पैसे बँकेकडे वळते करतं, यूपीआयचा मेसेज स्वतःची तारीख घेऊन येतो, एनईएफटी तर डिसेंबर 2019 पासून चोवीस तास चालू आहे, म्हणजे एकाच रात्रीचे पैसे तीन कागदांवर वेगवेगळ्या तारखांना. ताळा लागणार कसा, आणि नाही लागला की संशय कोणावर, तर त्या बिचाऱ्या कॅशियरवर.

यावर आपल्याकडचा जुगाड म्हणजे कॉम्प्युटरचं घड्याळच दोन तास मागे करून ठेवायचं. मी हे डोळ्यांनी पाहिलंय. मग बिलावर सव्वादहा, गिऱ्हाइकाच्या मोबाईलवर सव्वाबारा, आणि उद्या काही भांडण झालं तर खरं कुठलं धरायचं? शिवाय दुसऱ्या दिवशी घड्याळ पुन्हा पुढे करायचं कोणाच्याच लक्षात राहत नाही. दुसरा जुगाड म्हणजे सकाळी अकाउंटंटने मागची तारीख टाकून एन्ट्र्या सरकवायच्या. टॅली या हिशेबाच्या सॉफ्टवेअरमध्ये तशीही तारीख आपणहून बदलत नाही, एफ-टू दाबून बदलावी लागते, त्यामुळे हे फार सोपं वाटतं. पण हॉटेल प्रायव्हेट लिमिटेड असेल तर 1 एप्रिल 2023 पासून हिशेबाच्या सॉफ्टवेअरमध्ये एडिट लॉग सक्तीचा आहे, म्हणजे काय बदललं आणि कधी बदललं हे सगळं तिथे राहतं, आणि मग ऑडिटरला रोज रोज काय सांगत बसणार.

क्लाउडवाल्यांची, म्हणजे ज्यांचं सॉफ्टवेअर इंटरनेटवरून दूरच्या सर्व्हरवर चालतं त्यांची, आणखी वेगळी गंमत. सर्व्हर ग्रीनिचच्या वेळेवर आणि ती आपल्या वेळेप्रमाणे बदलून घ्यायला कोणीतरी विसरलेलं, की तारीख बदलते आपल्याकडच्या पहाटे साडेपाचला. हॉटेलवाल्याला हे अपघाताने फावतं, पण मार्केट यार्डातल्या ज्या गाळ्यावर अंधारातच माल हलायला लागतो त्याचं पहाटे साडेचारचं बिल कालच्या खात्यात. म्हणजे एकाची सोय ती दुसऱ्याची गैरसोय, आणि दोघांनाही विचारलेलं नाही.

खरं तर यात नवीन शोध लावायचा नाहीये. लॉजिंगवाल्यांकडे नाइट ऑडिट कित्येक वर्षं आहे, रात्रपाळीचा माणूस दिवस बंद करेपर्यंत त्यांची तारीख पुढे सरकतच नाही. आपल्या पंचांगातला वारसुद्धा सूर्योदयापासून सूर्योदयापर्यंत, रात्री बाराशी त्याचा काही संबंध नाही.

पण नुसती तारीख मागे ओढून चालणार नाही, इथे बरेच सॉफ्टवेअरवाले चुकतात. टॅक्सला कॅलेंडरचीच तारीख लागते. 31 मार्चच्या रात्री साडेबाराला केलेलं बिल हे 1 एप्रिलचं, जीएसटी रिटर्न पुढच्या महिन्यात आणि आर्थिक वर्षही पुढचं, मग मालक त्याला कालचा धंदा म्हणो. तसंच एका माणसाला एका दिवसात दहा हजारांवर रोख दिली तर तो खर्च इन्कम टॅक्समध्ये साधारणपणे धरत नाहीत, तिथेही दिवस म्हणजे मालकाच्या मनातला दिवस नव्हे. म्हणून प्रत्येक बिलाला दोन तारखा पाहिजेत. एक घड्याळाची, जिला कोणी हात लावायचा नाही, आणि दुसरी धंद्याच्या दिवसाची, जी किती वाजता बदलायची ते मालकाने ठरवायचं, कोणी पहाटे तीन ठेवेल, कोणी पाच. गल्ला, कॅशियरची पाळी, वेटरचं इन्सेंटिव्ह हे दुसरीवर चालू दे, टॅक्स पहिलीवर. आणि रिपोर्टाच्या डोक्यावर कुठली तारीख धरलीय ते स्पष्ट छापा, एवढंसं काम पण ते कोणी करत नाही.

अर्ध्या पुण्याची पोरं हिंजवडीत रात्री जागून अमेरिकेच्या वेळेवर कामं करतात, त्यामुळे दोन तारखा सांभाळणं या शहराला अवघड आहे असं कोणी सांगू नये. सॉफ्टवेअर विकायला येणारे दुपारी चारला डेमो देतात आणि दुपारी चारला सगळंच बरोबर चालतं. घेणाऱ्यांनी रात्री साडेबाराचं बिल करून दाखवायला सांगावं, त्यातही महिन्याच्या शेवटच्या रात्रीचं, आणि त्यानंतरच चेक फाडावा.

आपला,
एक हिशेबनीस, सदाशिव पेठ, पुणे