‘सर, किती सांगू?’

प्रति,
मा. मंत्री महोदय,
कौशल्य, रोजगार, उद्योजकता व नाविन्यता विभाग, महाराष्ट्र राज्य

सप्रेम नमस्कार.

आयटीआयमध्ये वीजतंत्री ट्रेडचा निदेशक म्हणून माझी नोकरी झाली. आपल्या खात्याच्या नावातच उद्योजकता आहे, म्हणून लिहितो आहे.

‘रोजगारक्षम कौशल्ये’ या विषयात उद्योजकतेचा भाग आहे. उद्योजकाचे गुण, कर्जाच्या योजना मुलं पाठ करतात, संगणकावर पर्याय निवडून पास होतात. धंदा करणार का विचारलं की मात्र माना खाली जातात. घरचे म्हणतात, कंपनीत चिकट. पण मुलांना अडवणारी खरी गोष्ट वेगळी आहे, ती मला दुसऱ्या वर्षाच्या एका मुलाने दाखवली.

शेजाऱ्याने त्याला दोन खोल्यांचं वायरिंग विचारलं होतं. मोठी मोटार सुरू करणारा स्टार-डेल्टा स्टार्टर डोळे मिटून जोडणारा हा मुलगा माझ्याकडे येऊन म्हणाला, “सर, किती सांगू?” आम्ही वर्कशॉपच्या बाकावर बसलो. लाईटचे पॉइंट, पंख्याचे, पॉवरचे. दीड चौरस मिमीच्या वायरची बंडलं, केसिंग पट्टी, स्क्रू, गावाला जायचं भाडं, काही बिघडलं तर पुन्हा मारावी लागणारी खेप. स्वतःची मजुरी त्याने धरलीच नव्हती! ती धरायला लावली. काम झालं, पैसे हातात आले. पुढच्याच आठवड्यात तो वीज ठेकेदाराच्या परवान्याची चौकशी करत आला. नव्या मीटरला टेस्ट रिपोर्ट परवानाधारकाचाच लागतो, हे त्याला त्या कामावर कळलं होतं.

मानसशास्त्रज्ञ आइसेक आय्झेन यांनी १९९१ साली मांडलं, की माणसाचा इरादा तीन गोष्टींवर ठरतो: ते काम त्याला कसं वाटतं, जवळची माणसं काय म्हणतात आणि ‘मला हे जमेल’ हा भरवसा. आपलं पुस्तक पहिल्या गोष्टीवरच थांबतं. तिसरी त्या बाकावर तयार झाली.

कर्जाच्या योजना आहेत. २०१५ पासून मुद्रा, २०१९ पासून मुख्यमंत्री रोजगार निर्मिती कार्यक्रम. पण बँकेत कोटेशन आणि प्रकल्प अहवाल मागतात, आणि ज्याने साधं दरपत्रकही कधी लिहिलं नाही तो पोरगा काउंटरवरूनच माघारी फिरतो. हे मी पाहिलं आहे आणि फार लागलं आहे.

माझी मागणी एवढीच. शेवटच्या वर्षी प्रत्येक मुलाला निदेशकाच्या देखरेखीखाली बाहेरचं एक खरं, पैशाचं काम द्या. दर त्याने काढावा, बिल त्याने करावं, नफा-तोटा वहीत लिहावा आणि त्या वहीला गुण असावेत. वेल्डरला ग्रिल, डिझेल मेकॅनिकला पंपाचं इंजिन, शिवणकामाच्या मुलींना शाळेचे गणवेश. काम गावात आहेच. निदेशकांची रिक्त पदंही भरा, एकट्याने दोन-दोन तुकड्या सांभाळताना ही देखरेख होत नाही.

आणि स्वतःचं दुकान थाटलेले माजी विद्यार्थी मानधन देऊन वर्गावर तास घ्यायला बोलवा. त्या मुलाचं आज तालुक्याच्या गावी मोटार रिवाइंडिंगचं दुकान आहे. तो मानधनाशिवायही येईन म्हणतो.

आपला विश्वासू,
एक निवृत्त शिल्प निदेशक